पापण्यांचा होकार

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस मंजिरी कवठेकरांना काहीच दिसत नव्हतं, आणि आयुष्यात कधी नव्हे इतकं त्यांनी ऐकलं ते त्याच दिवसांत. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली तोवर फार उशीर झाला होता.

डोळ्यांवर कापसाच्या घड्या, घड्यांवर गार जेलच्या पिशव्या आणि पाठीला उशांची चळत. आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, आणि काही झालं तरी रडायचं नाही. टाक्यांना खाज सुटली तर बोट लावायचं नाही, ही सर्वांत अवघड अट. सांगलीच्या सलोखा केंद्रात वीसेक वर्षं लोकांचे मोडके संसार सांधणारी ही बाई आता पलंगावर बसून चमच्याने वरणभात भरवून घेत होती.

हे सगळं ओघळलेल्या पापण्यांसाठी. केंद्रात एक बाई सासूचं गाऱ्हाणं सांगता सांगता मध्येच थांबली आणि म्हणाली, "मॅडम, तुमाला झोप आलीया. मी उद्या येते." झोप कसली, मंजिरीताई कानात प्राण आणून ऐकत होत्या! पण पापण्याच अशा लोंबल्या होत्या की समोरच्याला डुलकी वाटावी. म्हणून शस्त्रक्रिया, असं त्या सगळ्यांना सांगत. पुतणीच्या लग्नातले स्वतःचे फोटो बघून त्या दोन दिवस धुमसत होत्या, हे फक्त त्यांच्या नवऱ्याला, अभिजितना, ठाऊक होतं. आणि अभिजित शहाणे असल्यामुळे गप्प होते.

शुश्रूषेला पुण्याहून ऊर्वी आली होती, त्यांची एकुलती एक लेक. लग्नाला दोन वर्षं झालेली. लेकी माहेरपणाला येतात, ही आईच्या डोळ्यांचं बाळंतपण करायला आली, अशी थट्टा घरात चालली होती. पिशव्या बदलता बदलता ऊर्वी बोलत राहायची: कॉलेजातल्या मैत्रिणी, पुण्यातली गर्दी, सोसायटीतली कुत्री. आवाज मात्र मधूनच पडायचा. एका दुपारी ती पलंगाच्या कडेला येऊन बसली.

"आई, एक सांगायचंय."

मंजिरीताईंनी चाचपडत तिचा हात धरला. हात गार होता.

"शौनकबद्दल?"

"हो."

मंजिरीताईंचा एक नियम होता आणि त्या नियमावर त्यांचं नाव झालं होतं. समोरचा माणूस बोलत असताना त्या कागदाला हात लावत नसत. फोनवरून सल्ला देत नसत. माणसाच्या डोळ्यांत बघितल्याशिवाय महत्त्वाचं काही ऐकायचंच नाही. शब्द फसवतात, डोळे फसवत नाहीत, असं त्या नव्या मुलींना शिकवत. एवढं मोठं तत्त्व स्वतःच्या लेकीसाठी मोडायचं कसं?

"थांब," त्या म्हणाल्या. "पट्टी सुटू दे. माझा नियम माहितीये ना? आंधळ्यासारखं नाही ऐकायचं मला. तुझ्याकडे बघत ऐकीन."

"बरं," ऊर्वी म्हणाली, आणि पिशव्या गार करायला उठून गेली.

पट्टी डॉ. चिवट्यांनी स्वतः काढली. चाळिशीचा, हसतमुख, झुळझुळीत बोलणारा माणूस. त्याचे स्वतःचे डोळे इतके टवटवीत की तेच त्याची जाहिरात. त्याने आरसा पुढे केला. सूज होती, कडेला जांभळी रेघ होती; पण आतून दहा वर्षांपूर्वीची मंजिरी बघत होती. "अगंबाई," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"नुसती जादा कातडी कापायचे दिवस गेले," डॉक्टर सांगू लागला. "कातडी कापली तरी पापणी उचलणारा स्नायू दमलेलाच असतो, ती पुन्हा ओघळते. म्हणून आम्ही पापणीच्या कडेत केसाहून बारीक धागा ओवतो. विजेचा किंचित स्पर्श झाला की तो आखडतो, वीज थांबली की सैलावतो. म्हणजे स्नायूच तो, फक्त न दमणारा. त्याला हुकूम देते भुवईमागची चिप, तांदळाच्या दाण्याएवढी. उशीखालच्या चकतीवरून ती रात्री आपोआप भरते."

"आणि पापणी लवायची कधी, हे तीच ठरवणार?"

"आणि आपल्यापेक्षा बरं ठरवणार! आपण बहुतेक वेळा अर्धीच पापणी मिटतो. मग डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो. या शस्त्रक्रियेनंतरची ही सर्वांत मोठी तक्रार. चिप प्रत्येक वेळी पापणी पूर्ण मिटवते आणि किंचित जास्त वेळ मिटलेली ठेवते. अश्रू सगळीकडे पसरतात. शिवाय ती विरामाची जागा शोधते. समोरच्याच्या आवाजाची कंपनं तिला हाडातून कळतात. त्याचं वाक्य चालू असताना ती मिटत नाही. वाक्य संपलं, त्याने श्वास घेतला, की मिटते. तुमचं बघण्यासारखं काहीच चुकत नाही."

मंजिरीताईंना हे फार आवडलं. यंत्राला इतकी रीतभात असू शकते याचं त्यांना कौतुक वाटलं.

त्याच संध्याकाळी मागच्या गॅलरीत चहा घेताना त्या ऊर्वीसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"हं, आता सांग."

ऊर्वीने कप खाली ठेवला. "आई, शौनकचं ना… लग्न झालं तेव्हापासूनच जरा…"

ती श्वास घ्यायला थांबली. मंजिरीताईंच्या नव्या पापण्या मऊपणे मिटल्या आणि उघडल्या.

"म्हणजे कामाचा ताण आहे त्याला. तुला कळतंच."

पापण्या पुन्हा मिटल्या, उघडल्या. ऊर्वी आईकडे बघत राहिली. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं.

"बस, एवढंच," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

डोंगर पोखरून उंदीर निघाला म्हणून मंजिरीताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. कामाचा ताण कुणाला नसतो? पुढच्या दोन-चार दिवसांत ऊर्वी कितीदा तरी समोर येऊन बसली, बोलायला तोंड उघडलं, आईकडे बघितलं आणि दुसरंच काहीतरी बोलून उठली. लेक समंजस झाली, असं मंजिरीताईंना वाटलं. तिला निरोप देताना त्यांनी मेतकुटाची बरणी आणि चिवड्याचे डबे भरून दिले. गाडीच्या दाराशी ऊर्वी थबकली.

"जाऊ ना, आई?"

मंजिरीताईंनी तिच्याकडे डोळे भरून बघितलं. पापण्या मिटल्या, उघडल्या. ऊर्वी गाडीत बसली.

सूज उतरली, जांभळी रेघ पुसली आणि मंजिरीताई कामावर गेल्या. त्यांचं घर आणि केंद्र, दोन्हीकडे आता शांतता नांदू लागली. अभिजित बँकेत असताना पुराच्या पाण्यात गच्चीवर अडकले होते. ती गोष्ट सांगायला त्यांना एरवी तासभर लागायचा आणि ऐकणाऱ्याला पळवाट नसायची. आता ते म्हणत, "पाणी चढत होतं…" मग बायकोकडे बघत आणि म्हणत, "मग काय, आली होडी." गोष्ट संपली. वयोमानाने माणूस आवरतं घेतो, असं मंजिरीताईंनी मनाशी म्हटलं आणि खरं सांगायचं तर त्या सुखावल्याच.

केंद्रातली प्रकरणं निम्म्या वेळात मिटू लागली. भांडत आलेली जोडपी दोन वाक्यं बोलून गप्प व्हायची, मान डोलवायची, सही करून घरी जायची. वरून साहेब आले, शाल आणि नारळ देऊन गेले. "मॅडमपुढे माणूस बसला की त्याचं मन मोकळं होतं," असं ते भाषणात म्हणाले. त्या टाळ्यांत मंजिरीताईंच्याही मनात शंकेची पाल चुकचुकली नाही.

ती चुकचुकली काजलमुळे. जतकडची ही पोर महिन्यापूर्वी नवऱ्याची तक्रार घेऊन आली होती, समोर बसून "न्हाई, बरं हाय आता" म्हणाली होती आणि समजुतीने नांदायला परत गेली होती. आज ती पुन्हा आली. उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"काजल, हे काय गं?"

"पडले, मॅडम." तिने वर बघितलं. मंजिरीताईंच्या पापण्या मिटल्या, उघडल्या. "पाय घसरला. चालायचंच."

मंजिरीताई तिला पाणी द्यायला उठल्या. माठ मागच्या भिंतीशी होता. त्यांची पाठ वळली आणि मागून आवाज आला, आधीपेक्षा निराळा.

"पडले न्हाई, मॅडम. त्यानं हात पिरगाळला. दीर दारात हुबा व्हता, सासू चुलीपाशी, कुणी सोडवलं न्हाई. वरडू नगं म्हणून तोंडात पदराचा बोळा कोंबला…"

मंजिरीताई भांडं घेऊन गर्रकन वळल्या. काजलने त्यांच्याकडे बघितलं.

"…पर जाऊ द्या. संसार म्हटला की व्हायचंच."

नळ बंद करावा तसं बोलणं थांबलं. मंजिरीताईंनी भांडं टेबलावर ठेवलं, पुन्हा भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "बोल."

काजल बोलली. भिंतीचा पोपडा उडाला होता, तिकडे बघत मंजिरीताईंनी ते सगळं ऐकलं.

"माझ्याकडे बघून का नाही गं सांगता येत?"

"काय की, मॅडम," काजल ओशाळून म्हणाली. "तुमी बगितलं की वाटतं, ह्यास्नी समदं कळलं. मग शबुदच फुटत न्हाई."

काजलला निवारागृहात पोचवायची व्यवस्था करून मंजिरीताई तडक डॉ. चिवट्यांकडे गेल्या. रस्ताभर त्यांच्या डोळ्यांपुढे केंद्रातून सही करून गेलेली जोडपी येत होती. आणि त्या सगळ्यांच्या पुढे एकच चेहरा होता: कप खाली ठेवणारी ऊर्वी.

डॉक्टरला आश्चर्य वाटलं नाही, याचंच त्यांना जास्त भय वाटलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "ऐकणाऱ्याची पापणी म्हणजे बोलणाऱ्याला मिळणारी पोच असते. पटकन लवली तर 'हं, पुढे'. सावकाश मिटली तर 'कळलं, पुरे'. फरक सेकंदाच्या काही हिश्श्यांचा. बोलणाऱ्याला तो दिसतो, पण आपल्याला काही दिसलं हे त्याला समजत नाही. तो आपोआप आटोपतं घेतो. आमची पापणी डोळ्याच्या आरोग्यासाठी सावकाश मिटते आणि नेमकी वाक्याच्या शेवटी मिटते. हा परिणाम कुणी ठरवून आणलेला नाही. पण कुणाची तक्रारही नाही, ताई. लोक समाधानाने उठतात. सगळं सांगून झालं असंच त्यांना वाटतं."

"पण त्यांनी सांगितलेलंच नसतं!" मंजिरीताई कडाडल्या. "अहो, माझ्याकडे बायका…"

डॉक्टरने सहानुभूतीने त्यांच्याकडे बघितलं. त्याच्या पापण्या सावकाश मिटल्या, उघडल्या.

"…म्हणजे, तुम्हाला कल्पना आहेच," मंजिरीताई म्हणाल्या.

जिना उतरून त्या रस्त्यावर आल्या तेव्हा बरं वाटत होतं. रिक्षाला हात करताना एकदम लक्षात आलं: 'काढून टाका' हे म्हणायला त्या आल्या होत्या, आणि तेच म्हणायचं राहिलं होतं. त्या तशाच वर गेल्या, आणि डॉक्टरच्या खोलीत भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"तुम्ही पण करून घेतलंय," त्या तक्त्याला म्हणाल्या. "माझं काढून टाका. आज."

मागून डॉक्टरचा आवाज आला, आता तितकासा झुळझुळीत नव्हता. "नाही निघणार. धागा काम करायला लागला की मूळ स्नायू वाळतो. चिप बंद केली तर पापणी उचललीच जाणार नाही. डोळा कायमचा मिटलेला राहील."

"मग वेळ कमी करा. पटकन लवेल अशी."

"ते कंपनीच्या हातात आहे. आणि ताई, कंपनीला आता हेच हवंय. मागणी कुठून येतेय माहितीये? खिडकीवर बसणारे कारकून, दवाखान्यांतले डॉक्टर, पोलीस ठाण्यांतले महिला कक्ष. शाळासुद्धा, पालकसभेसाठी. रांगा निम्म्या झाल्या. सगळे खूश आहेत."

बाहेर येऊन त्यांनी ऊर्वीला फोन लावला. इतके दिवस तिचे फोन येत ते चेहरा दाखवून, कारण आईचाच तसा हट्ट. आणि 'बरी आहे' यापलीकडे ते कधी गेले नव्हते. आज त्यांनी नुसता आवाजाचा फोन लावला. उचलला शौनकने.

"आई, ती झोपलीये. नंतर करेल तुम्हाला." आवाज मधासारखा होता. भर दुपार होती, आणि ऊर्वी लहानपणीसुद्धा दुपारची झोपत नसे.

पोलीस ठाण्यात कळवावं असं एकदा मनात आलं; पण डॉक्टरने म्हटलं ते आठवलं. तिथल्या टवटवीत डोळ्यांपुढे बसून आपणच अर्धं बोलून समाधानाने परत येऊ, याची त्यांना खात्री वाटली. अभिजितना फोनवर जेमतेम सांगून त्यांनी मिळाली ती पुण्याची गाडी पकडली. गाडीत शेजारची बाई गप्पा मारायला बघत होती. मंजिरीताईंनी तोंड खिडकीकडे वळवलं ते पुणे येईपर्यंत तसंच ठेवलं.

ऊर्वीचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. दाराला कडी नव्हती, किल्लीचं भोक नव्हतं, कॅमेरा असलेला वीतभर काचेचा पडदा होता. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर ऊर्वीचा चेहरा उमटला. गालांची हाडं वर आली होती.

"आई? तू कशी काय?"

"दार उघड, बाळा."

"माझ्याकडून नाही उघडत. शौनकच्या फोनवरून उघडतं. येईल तो आत्ता, खाली गेलाय." तिने श्वास घेतला. कॅमेऱ्यासमोर मंजिरीताईंच्या पापण्या मिटल्या, उघडल्या. ऊर्वीचा चेहरा निवला. "बरी आहे मी. उगीच धावत आलीस."

मंजिरीताईंनी दाराकडे पाठ केली आणि तिथेच फरशीवर बसल्या.

"आता बोल."

"तू पाठ फिरवलीस माझ्याकडे?"

"हो. माझे हे डोळे तुला बोलू देत नाहीत. मला बघायचं नाही, ऐकायचंय. त्या दिवशी गॅलरीत तू मला काय सांगणार होतीस?"

"सांगणार होते?" ऊर्वीचा आवाज चिरकला. "सांगितलं की! सगळं सांगितलं. दार त्याच्या हातात असतं. मी कुठल्या खोलीत आहे, कुणाशी बोलते, सगळं त्याला दिसतं. एकदा मला आत ठेवून तो दोन दिवस गावाला गेला. शेवटी म्हटलं, आई, मला परत जायचं नाही. तुला कळलं होतं. मी बघितलं तुझ्या डोळ्यांत! गाडीत बसताना पुन्हा विचारलं, जाऊ ना? तू डोळ्यांनीच हो म्हणालीस. सगळं कळूनसवरून तू मला डबे भरून परत पाठवलंस."

मंजिरीताईंना रडू फुटलं. ते त्यांनी अडवलं नाही.

"ऊर्वी, तू एवढंच म्हणालीस: शौनकला कामाचा ताण आहे. बस, एवढंच."

"नाही."

"तेवढंच गं, राजा. बाकीचं तुझ्या मनातच राहिलं, आणि तुला वाटलं, मला पोचलं."

दाराआड ऊर्वी हुंदका गिळून पहिल्यापासून सांगू लागली. आधी अडखळत, मग सलग. मंजिरीताईंनी मान वळवली नाही.

समोर लिफ्टचं दार उघडलं. शौनक बाहेर आला, हातात दुधाच्या पिशव्या, चेहऱ्यावर अदबशीर हसू.

"आई! अहो, कळवायचं तरी. असं खाली का बसलात?" मग त्याला दारातून येणारा आवाज ऐकू आला आणि हसू जरा आक्रसलं. "ऊर्वीचं काही मनावर घेऊ नका. तिला हल्ली जरा…"

तो श्वास घ्यायला थांबला. मंजिरीताईंनी त्याच्याकडे सरळ बघितलं. पापण्या सावकाश मिटल्या, उघडल्या.

"…म्हणजे तिची मनःस्थिती…"

पापण्या मिटल्या, उघडल्या.

"तुम्हाला कळतंच," शौनक म्हणाला. त्याला पुढे काही सुचेना. सगळं सांगून झाल्यासारखा तो हलक्या मनाने उभा राहिला. मागे ऊर्वी बोलतच होती. या डोळ्यांचा पहिल्यांदाच उपयोग झाला असं मंजिरीताईंना वाटलं, आणि तसं वाटल्याचीच त्यांना भीती वाटली.

"कळलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "दार उघडा."

शौनकने मुकाट्याने फोन काढला आणि अंगठा टेकवला. मागे कुलूप सुटल्याचा आवाज झाला. अनवाणी पावलं बाहेर आली. ऊर्वीने मागून आईच्या गळ्यात हात टाकले, तिच्या खांद्यात तोंड खुपसलं, आणि तिचं बोलणं काही थांबेना. मंजिरीताईंनी तिचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. लेकीचा चेहरा बघायला त्यांचा जीव तुटत होता. त्या वळल्या नाहीत.